गेम कंपनीचा, साहस आपलं: थर्ड-पार्टी पब्लिशर कशाला हवेत?

आजचा विषय आहे टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधले थर्ड-पार्टी पब्लिशर. म्हणजे काय, तर गेम एका कंपनीचा, पण त्याच्यासाठी साहसकथा, राक्षस, नकाशे काढणारे दुसरेच.

आपल्याला हे नवीन नाही. पुस्तक बालभारतीचं असतं, पण दहावीच्या पोराच्या दप्तरात नवनीतचं गाईड सापडतंच. लातूरला तर एनसीईआरटीच्या पुस्तकासोबत क्लासच्या नोट्सचा गठ्ठा असतो. मूळ पुस्तक सगळ्यांसाठी, नोट्स मात्र पोरगं नेमकं कुठं अडतं ते बघून काढलेल्या.

गेममध्येही तसंच. डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टला जगभर खपेल असंच पुस्तक काढावं लागतं. थोड्याच गिऱ्हाइकांसाठीचा विषय त्यांना परवडत नाही, छोट्या पब्लिशरला परवडतो. 1976 मध्येच जजेस गिल्डनं खेळायला तयार असं आख्खं शहर छापलं होतं.

2000 मध्ये विझर्ड्सनं ओपन गेम लायसन्स आणलं: आमचे मूळ नियम घ्या, त्यावर पुस्तकं काढा, विका. हिशेब सरळ होता. बाहेरच्यांनी साहसं लिहिली की खेळणारे वाढणार, आणि मूळ नियमपुस्तक आपलंच खपणार.

दुसरा फायदा नंतर कळला. 2008 मध्ये चौथी आवृत्ती आली, नियम बदलले, लायसन्सही कडक झालं. पायझो कंपनीनं जुन्या खुल्या नियमांवर 2009 मध्ये पाथफाइंडर काढला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, फोर्क मारला. जुने नियम आवडणाऱ्यांचा गेम बंद पडला नाही. थर्ड-पार्टी म्हणजे खेळणाऱ्याचा विमाच म्हणा ना.

मग जानेवारी 2023. नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. जुनं लायसन्स रद्द धरायचं आणि साडेसात लाख डॉलरच्या वरच्या विक्रीवर 25 टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घ्यायची, असं त्यात होतं. पब्लिशर आणि खेळाडू दोघंही भडकले. महिनाअखेरीस विझर्ड्सनं माघार घेतली आणि मूळ नियमांचं सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1 क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळं केलं. ही परवानगी आता परत घेता येत नाही.

आता मुद्द्याचं. तेच डॉक्युमेंट नांदेडच्या पोरालाही मोकळं आहे. मराठीत भाषांतर करा, साहस लिहा, विका. अट एवढीच, की त्यात दिलेला श्रेयाचा मजकूर छापायचा. कंपनीचा लोगो वापरायचा नाही. बिहोल्डरसारखे काही राक्षस त्या नियमांत दिलेले नाहीत, ते सोडून द्यायचे.

पण आपल्याला बिहोल्डर हवाय कशाला? चकवा घ्या. रात्री कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाकडनं टोळी निघाली. प्रत्येकानं विस्डम सेव्हिंग थ्रो टाकायचा. हुकला, की फिरून फिरून त्याच बुरुजापाशी. पिंपळावर मुंजा बसवा, खरोसा लेण्यांत कुणाला तरी डांबून ठेवा.

हे पुस्तक अमेरिकेतली कंपनी काढणार नाही, आणि तिच्याकडनं ती अपेक्षाही नको. ते आपल्यापैकीच कुणीतरी लिहायचंय. सुरुवातीला एका बैठकीत संपेल असं पाच-सहा पानांचं साहस पुरे. आधी मित्रांवर खेळून बघा, जिथं अडेल ते दुरुस्त करा, मग पीडीएफ काढा.

भेटू पुढच्या भागात.