माज आधी मेंदूत चढतो

१९४१ मध्ये गोसेवा संघ उभा राहिला आणि उद्योगपती जमनालाल बजाज वर्ध्यात नालवाडीजवळच्या गोपुरीत गोसेवेसाठी झोपडी बांधून राहिले. गवळाऊ गायीचं माहेरही हाच वर्धा परिसर. इथे अजूनही गाय उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, की खापर गायीवर फुटतं, नाहीतर रेतन करणाऱ्यावर. खरं कारण अनेकदा चुकलेली वेळ असते.

गैरसमज : गाय माजावर आली म्हणजे बीज सुटलं, लगेच भरवावी.

वस्तुस्थिती : बीज तेव्हा बीजांडातच असतं. त्याभोवतीचा फोड वाढताना इस्ट्रोजेन सोडतो, ते मेंदूपर्यंत पोचतं आणि गाय हंबरू लागते, दुसरीला अंगावर चढू देते. त्याच सुमारास मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, दुसरंच काही घडतं. एरवी थोडं इस्ट्रोजेन तिथे लगाम घालतं. पण ते भरपूर वाढून काही तास टिकलं, की तेच हार्मोन टाच मारतं! मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. हा निरोप किसपेप्टिन बनवणाऱ्या चेतापेशी झेलतात आणि जीएनआरएच हे हार्मोन सोडणाऱ्या पेशींना देतात. मग पियुषिका ग्रंथीतून एलएच या हार्मोनची लाट उठते. त्यानंतर साधारण २४ ते ३० तासांनी बीज सुटतं, म्हणजे माज ओसरल्यावर १०-१२ तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

गैरसमज : गोऱ्हा खच्ची केला की त्याची सगळी हार्मोन्स संपतात.

वस्तुस्थिती : टेस्टोस्टेरॉन घसरतं, म्हणून तो शांत होतो. एलएच मात्र उलट वाढतं, कारण मेंदूला आवरणारा हातच गेलेला असतो.

गैरसमज : माजावर न येणारी गाय वांझ.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा ती उपाशी असते. व्यायल्यानंतर दूध जास्त आणि चारा कमी पडला, की मेंदू जीएनआरएचचे ठोके मंदावतो आणि फोड पिकतच नाही. वांझ ठरवून अशी गाय विकणं हा तिच्यावर अन्याय आहे; आधी खुराक आणि डॉक्टरांकडून तपासणी हवी. शिवाय देशी गायींचा माज थोड्या तासांचा असतो, पुष्कळदा रात्रीचा. सकाळी नऊला गोठ्यात डोकावणाऱ्याला तो दिसत नाही. पहाटे आणि रात्री झोपण्याआधी फेरी मारली तर दिसतो.