सासूबाईंचं नाव यादीत

रविवारची मिस्सा संपली की आमच्या वसईतल्या बायका लगबगीनं घराकडे वळतात. मी मात्र एक छोटी गोल डबी घेऊन निघते. मैत्रिणींनो, त्या डबीत परमप्रसाद असतो. मिस्सेत वाटली जाणारी ही पातळ भाकर आमच्या श्रद्धेनुसार साक्षात ख्रिस्तशरीर. जे अंथरुणाला खिळलेत, त्यांना ती घरी नेऊन द्यायची. पूर्वी हे काम फादरांचंच. १९७३ साली व्हॅटिकननं मुभा दिली, तेव्हापासून आमच्यासारख्या प्रापंचिकांनाही ही सेवा करता येते.

माझ्या यादीत सात घरं. प्रार्थनेला दहा मिनिटं पुरतात, पण लगेच उठणार कसं? कुणाच्या गोळ्या संपलेल्या, कुणाला लेकाला फोन लावून हवा. एका आजींची नखं मीच कापते. (बी.ए.ला हे कुणी शिकवलं नव्हतं!)

शिवाय सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्यानं मित्रांसोबत ती सुरू केली. गरिबाला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, ही तिची रीत. पुढे ओझानाम प्राध्यापक झाला, संसारी झाला, एका मुलीचा बाप झाला, तरी सेवा सोडली नाही. १९९७ साली पोपनी त्याला धन्यवादित घोषित केलं. माझ्या मनात आपलं येतं, हा बाहेर असताना त्याची अमेली एकटीनं घर कसं सांभाळत असेल?

दोन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तरी माझी फेरी चालूच. एका रविवारी साडेअकराला घरी आले. त्या तशाच बसलेल्या, केस विस्कटलेले, चहा गार. मी गॅसवर कुकर चढवला आणि उभ्या उभ्याच त्यांना परमप्रसाद दिला. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या यादीत माझं पण नाव घाल. म्हणजे माझ्याजवळ पण बसशील."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्रभर डोळा लागला नाही.

फादरांना सांगून तीन घरं दुसऱ्या सेविकेकडे दिली. द्यायला जड गेलं, खोटं कशाला बोलू? मिस्टर आता रविवारी आईचा चहा करतात, वेणीही घालतात, वाकडी का होईना.

यादीत पहिलं नाव सासूबाईंचं. प्रार्थना झाली की त्या विचारतात, "त्या म्हातारीची नखं कापलीस का गं?"

आणि हळूच स्वतःचा हात पुढे करतात.