कॉइल घेण्याआधी ट्रॅक्टर बघा

जिंतूर तालुक्यात कापूस-सोयाबीनच्या रानात राबणारे जुने ट्रॅक्टर, मग तो महिंद्राचा बी-२७५ असो की मॅसी १०३५, डिझेलवर चालतात. त्यांना इग्निशन कॉइल नसतेच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं आणि नोझलमधून आलेलं डिझेल त्या उष्णतेनेच पेटतं. तेव्हा डिसेंबरच्या सकाळी असा ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर बॅटरी, असेल तर हिटर प्लग आणि डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा तपासा.

कॉइल लागते पेट्रोल किंवा केरोसीनवरच्या इंजिनाला. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनलेला राखाडी फर्ग्युसन टीई-२० हा त्यातला एक नावाजलेला. मॅग्नेटो असलेल्या इंजिनालाही वेगळी कॉइल लावायची नसते. ती मॅग्नेटोतच असते.

कॉइलमध्ये जाड तारेचे शेकडो आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून करंट जातो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, आणि बारीक तारेत प्लगवर ठिणगी पाडण्याइतके हजारो व्होल्ट तयार होतात.

कॉइलवर नुसतं ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं पुरत नाही. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून वायरी काढून दोन लहान टर्मिनलांमध्ये मल्टिमीटर लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायला विसरू नका, कारण फरकच एक-दीड ओहमचा आहे. साधारण ३ ओहम आले तर ती कॉइल थेट १२ व्होल्टवर चालते; करंट ४ अँपिअर. दीड ओहम आले तर ती ६ व्होल्टची असते, किंवा बॅलास्ट रेझिस्टर जोडून वापरायची. तीच थेट लावली तर ८ अँपिअर वाहतात, पॉइंट जळतात, कॉइल तापते. उलट रेझिस्टर असलेल्या वायरिंगला ३ ओहमची कॉइल लावली तर ठिणगी मवाळ पडते. ‘जास्त पॉवरची’ म्हणून महाग कॉइल घेणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

फर्ग्युसनवर बॅटरीचा प्लस अर्थला असतो. तिथे कॉइलचा प्लस डिस्ट्रिब्युटरकडे आणि मायनस चावीकडे जातो. उलट जोडली तरी इंजिन चालतं, पण ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात.

नवी कॉइल बसवल्यावर इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर नवी कॉइलही जळते.