दर सेकंदाला एक देऊळ

आमेरच्या राजा मानसिंहाच्या मनात म्हणे एकदा आले, की काशीला एक लाख देवळे अर्पण करावीत. अट एकच होती. सगळी देवळे एकाच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी पुरी व्हायला हवीत. १८६८ साली काशीवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे मिशनरी एम. ए. शेरिंग यांनी ही ऐकीव कथा नोंदवून ठेवली आहे. आपण फक्त हिशेब करून पाहू. चोवीस तासांचे सेकंद होतात ८६,४००. दर सेकंदाला एक देऊळ उभे केले, तरी दुसऱ्या दिवशी उजाडताना १३,६०० देवळे बाकीच राहतील.

कारागिरांनी त्यातून वाट काढली. त्यांनी दगडाच्या एकेका चिऱ्यावर पायापासून कळसापर्यंत चिमुकली देवळे कोरली, ओळीने, एकाखाली एक, आणि लाखाचा आकडा भरला. कथा खरी की खोटी हे बाजूला ठेवू. तिच्यात काशीचा स्वभाव मात्र नेमका पकडला आहे. अफाट गोष्ट लहानशा जागेत बसवायची आणि ती बसवताना तिच्यातले काही कमी होऊ द्यायचे नाही, ही या गावाची शेकडो वर्षांची विद्या आहे.

काशीत देवळे नेमकी किती? जेम्स प्रिन्सेप बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होते. पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तेच हे प्रिन्सेप. १८२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शहराची मोजदाद केली, तेव्हा देवळे भरली १,०००. चाळीसेक वर्षांनी शेरिंग यांनी १,४५४ असा आकडा दिला. आपल्या काळात काशीचा भूगोल आयुष्यभर अभ्यासणारे राणा पी. बी. सिंह ३,३०० च्या वर सांगतात. देवळे काही दीडशे वर्षांत तिप्पट झाली नाहीत. देऊळ कशाला म्हणायचे, यावर सगळे अवलंबून आहे. शेरिंग यांनी भिंतींतले देवकोष्ठ वगळले होते. गल्लीच्या कोपऱ्यावर गुडघ्याएवढ्या उंचीच्या कोनाड्यात एक पिंडी असते, तिच्यावर सकाळचे बेलाचे पान असते, शेजारच्या दुकानदाराने लावलेली उदबत्ती अर्धी जळालेली असते. त्या दुकानदाराला विचारा, हे देऊळ आहे का. त्याला प्रश्नच कळणार नाही.

३,३०० हाच आकडा धरू. प्रत्येक देवळात फक्त पाच मिनिटे दिली, तरी २७५ तास लागतात. रोज आठ तास दर्शन घेतले तर चौतीस दिवस झाले, आणि यात एका देवळातून दुसऱ्यात चालत जाण्याचा वेळ धरलेला नाही. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांच्या घरात होती. म्हणजे दर साडेतीनशे-पावणेचारशे माणसांमागे एक देऊळ. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात यापेक्षा जास्त माणसे राहतात.

पण नुसत्या संख्येने थक्क व्हायचे, तर कुठलेही मोठे शहर पुरे. मला थक्क केले ते काशीतल्या मांडणीने. गणपतीचे उदाहरण घ्या. काशीत ५६ विनायक आहेत. हा आकडा भरत भरत तिथवर पोचलेला नाही. आठ दिशा, आणि विश्वनाथाभोवती एकात एक अशी सात वर्तुळे. आठ साते छप्पन्न. प्रत्येक वर्तुळावर प्रत्येक दिशेला एक गणपती पहाऱ्याला बसवलेला आहे आणि सगळ्यांच्या मधोमध, विश्वनाथाच्या अगदी जवळ, धुंडिराज. पश्चिमेला पार टोकाला आहे देहली विनायक. देहली म्हणजे उंबरठा. त्या गणपतीपासून विश्वनाथाचा गाभारा मैलोगणती दूर आहे, पण काशीचे घर तिथून सुरू होते.

हेच सूत्र परिक्रमांना आहे. काशीभोवती आणि काशीच्या आत मिळून पाच परिक्रमा मानतात. राणा सिंह यांच्या मोजणीत सर्वांत बाहेरच्या परिक्रमेत १४४ स्थाने, पंचक्रोशीत १०८, आणि आतल्या तिन्हींत प्रत्येकी ७२. बेरीज ४६८. त्यांनी हा आकडा उलगडून दाखवला आहे: अधिक मास धरून वर्षाचे तेरा महिने, गुणिले नऊ ग्रह, गुणिले चार दिशा. करून पाहा, बरोबर ४६८ येतात. काळ, आकाश आणि दिशा ही तिन्ही माणसाच्या पायाखालच्या वाटेवर आणून ठेवलेली आहेत.

यांतली पंचक्रोशी अजून जिवंत आहे. गंगेच्या मणिकर्णिका घाटावर स्नान करून निघायचे आणि कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम करत परत मणिकर्णिकेला यायचे. वाट ऐंशी किलोमीटरांहून अधिक, आणि पुष्कळजण ती अनवाणी चालतात. अधिक मासात तर वाटेवरच्या धर्मशाळा ओसंडून वाहतात. पहिल्याच मुक्कामी कर्दमेश्वराचे देऊळ भेटते. गावातली बहुतेक देवळे अठराव्या शतकातली किंवा त्यानंतरची. हे मात्र बाराव्या शतकाच्या आसपासचे, पाडापाडीतून वाचलेले. त्याच्या भिंतीवर हात ठेवला की मधली आठशे-नऊशे वर्षे तळव्याला लागतात.

ज्यांच्या पायांत एवढे बळ नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी जुन्या गल्ल्यांत पंचक्रोशी मंदिर आहे. वाटेवरची सगळी दैवते त्याच्या भिंतींवर शिल्पांत कोरली आहेत. पाच मुक्कामांची वाट तिथे एका देवळाभोवतीच्या फेरीत येते. मानसिंहाच्या कारागिरांचीच ही विद्या, आणि तिच्यामागे करुणा आहे. म्हातारी आई, अपंग मुलगा, कुणीही यात्रेवाचून राहू नये.

बारा ज्योतिर्लिंगांचेही तेच. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर ही आपल्याकडची तिन्ही नावे काशीच्या गल्ल्यांत सापडतात. केदारनाथ हिमालयात साडेतीन हजार मीटरांवर, वर्षाचा निम्मा काळ बर्फात बंद. काशीतला केदारेश्वर घाटाच्या पायऱ्या चढून गेले की भेटतो, बाराही महिने. त्याचे लिंग घडवलेले नाही. मधोमध रेघ असलेला दगडाचा ओबडधोबड उंचवटा. भक्ताने नैवेद्याची खिचडी दोन भागांत वाढली आणि तीच शिळा झाली, अशी कथा सांगतात.

मराठी माणसाला तर इथे पावलोपावली ओळखीचे भेटते. पैठणहून आलेल्या घराण्यातल्या नारायण भट्टांच्या पुढाकाराने १५८५च्या सुमारास विश्वनाथाचे भव्य मंदिर उभे राहिले. शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. ते मंदिर १६६९ मध्ये पाडले गेले. पुढची १११ वर्षे विश्वनाथाला त्या तोलाचे देऊळ नव्हते. १७८० साली अहिल्याबाईंनी आजचे मंदिर बांधले. नंतर महाराजा रणजितसिंहांनी सुमारे एक टन सोने दिले आणि शिखरे मढली. बायजाबाई शिंद्यांनी देवळाशेजारच्या ज्ञानवापी विहिरीवर चाळीसहून अधिक खांबांचा मंडप उभारला. त्यांनी बांधवलेला शिंदे घाट तर इतका भारी झाला की स्वतःच्याच वजनाने खचला. संत एकनाथांचे भागवत, अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ, १५७३ साली पुरे झाले तेही काशीतच. आजची काशी बऱ्याच अंशी मराठ्यांनी घडवली, असे इतिहासकार अ. स. आळतेकरांनी लिहिले, ते मुळीच अतिशयोक्त नाही.

अहिल्याबाईंच्या देवळाभोवतीचे आवार अलीकडेपर्यंत जेमतेम तीन हजार चौरस फुटांचे होते. डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या नव्या विश्वनाथ धामाने ते सुमारे पाच लाख चौरस फूट केले, म्हणजे साडेअकरा एकर. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या, घरे पाडली, आणि त्या घरांच्या पोटातून चाळीसहून अधिक जुनी देवळे बाहेर आली. गर्दीची सोय झाली हे खरेच, गंगेपासून थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येते. तरी जुन्या गल्ल्या गेल्या याचे मला दुःख आहे. कारण काशीचे मोठेपण मोकळ्या जागेत कधी नव्हते, दाटीत होते.

आणि गंगा. सहा-सात किलोमीटरांच्या काठावर ८४ घाट, सरासरी दर ऐंशी मीटरला एक. पावसाळ्यात पाणी चढते तसे हे घाट एकेक करून बुडतात. सप्टेंबर १९७८ मध्ये पातळी ७३.९० मीटरवर गेली होती, धोक्याच्या खुणेच्या अडीच मीटरांहून वर. मणिकर्णिकेच्या स्मशानात पाणी आले की चिता छतांवर रचतात. काम थांबत नाही.

आमच्या घरी देवघरात तांब्याचा एक गडू होता, आजीने काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला. परत आल्यावर तिने मावंदे घातले, गडूची पूजा झाली, गाव जेवले. नंतर तो गडू देवांच्या मागे जाऊन बसला. आम्ही मुले तो कानाशी धरून हलवायचो आणि आतले पाणी वाजायचे. "ठेव रे तो खाली," आजी म्हणायची, "गंगा आहे ती." गंगोत्रीपासून सागरापर्यंत गंगा २,५२५ किलोमीटर वाहते. गडूत चार पळ्या पाणी होते. आजीचा श्वास लागला त्या रात्री काकांनी गडू फोडला, तुळशीचे पान बुडवले आणि ते पाणी तिच्या ओठांना लावले. तिने ते गिळले.

काशीला जाणार असाल तर दर्शनाच्या रांगेपुरतेच जाऊ नका. दोन दिवस जास्तीचे ठेवा. धुंडिराजापासून निघा, पंचक्रोशी मंदिराची फेरी करा, कर्दमेश्वरापर्यंत तरी चालत जा. आणि घरात जुना गडू असेल तर एकदा खाली काढून पाहा. तो कोणी, कधी आणला, हे सांगणारे माणूस घरात अजून असेल तर आजच विचारून घ्या.