आधी जेट पाहा, मग इंजिन

नागाव, काशीद किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणारी वॉटर स्कूटर ही जातीने जेट बोटच. तळाखाली फिरता पंखा नाही, मागे सुकाणू नाही. पोटातलं इंजिन एक पंप फिरवतं, पंप खालून पाणी ओढून मागे फेकतो आणि बोट पुढे धावते. काही स्पीड बोटी आणि तटरक्षक दलाच्या इंटरसेप्टर बोटीही याच तत्त्वावर चालतात. रायगडचा उथळ किनारा या यंत्राला सोयीचा आहे, आणि याच किनाऱ्याची रेती त्याला झिजवते. जुनी जेट बोट घेऊन पहिल्यांदाच मालक होणाऱ्याने ही गोष्ट व्यवहाराआधी समजून घ्यायला हवी.

नदीतून समुद्रात

जेट बोटीचा जन्म नदीतला. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागातल्या नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साध्या बोटीचा पंखा तिथे पहिल्याच दगडावर मोडायचा. तिथले शेतकरी आणि हाडाचे यंत्रज्ञ बिल हॅमिल्टन यांनी 1954 मध्ये पंपावर चालणारी बोट पाण्यात उतरवली. सुरुवातीला पाण्याचा झोत तळाखालून सोडला जाई आणि वेग बेताचाच मिळे. झोत मागच्या फळीतून, पाण्याच्या पातळीच्या वर सोडल्यावर बोट खऱ्या अर्थाने पळू लागली. 1960 मध्ये हॅमिल्टन यांच्या बोटी अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅनियनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. 1977 मध्ये एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगासागरहून निघाले आणि गंगेतून पार नंदप्रयागच्या परिसरापर्यंत पोहोचले. एकट्या माणसाने चालवायची जेट स्की कावासाकीने 1973 च्या सुमारास बाजारात आणली आणि हे यंत्र समुद्रकिनाऱ्यांवर पसरलं.

रायगडच्या किनाऱ्याला वेगवान बोटींची गरज मात्र एका वेगळ्या, दुःखद कारणाने तीव्रतेने जाणवली. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आणि दिघीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. मार्चमध्ये बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली. त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ नावाने संयुक्त गस्त सुरू झाली. पुढे लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलासाठी बांधलेल्या अॅल्युमिनियमच्या इंटरसेप्टर बोटी वॉटर जेटवर 45 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या पुढे धावतात. किनाऱ्यालगत आणि वेगात काम करायचं असेल तर जेट का निवडतात, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आत काय चालतं

बोटीच्या तळाला जाळी बसवलेलं तोंड असतं. तिथून पाणी आत येतं. शाफ्टवर फिरणारा इंपेलर ते मागे ढकलतो. त्यामागच्या स्थिर पात्या पाण्याचा पीळ काढून त्याला सरळ करतात आणि निमुळत्या नॉझलमधून ते जोरात बाहेर पडतं. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी दूर उडतं, तसंच हे आहे. नॉझल डावी-उजवीकडे वळवलं की बोट वळते. मागे जायचं असेल तेव्हा झोतावर एक बादलीच्या आकाराचं झाकण उतरतं आणि पाणी पुढच्या दिशेला फेकतं.

या रचनेतला नाजूक भाग आहे इंपेलर आणि त्याभोवतीची वेअर रिंग. दोन्हींमधली फट मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. रेती आत गेली की रिंग खरवडली जाते, पात्यांच्या कडा बोथट होतात आणि फट वाढते. मग पाणी मागे जाण्याऐवजी पात्यांच्या कडेने घसरतं. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज वाढतो, बोट मात्र जड होऊन बसते. अनेक नवे मालक अशा वेळी कार्ब्युरेटर खोलतात, प्लग बदलतात, फिटरला इंजिनावर बसवून ठेवतात. दोष असतो पंपात.

विकत घेताना

म्हणून जुनी बोट पाहायला जाल तेव्हा आधी तिच्या तळाशी वाका आणि पाणी आत घेणाऱ्या तोंडातून टॉर्च मारा. इंपेलरच्या कडा सरळ आहेत की दातेरी, हे लगेच दिसतं. रिंगवर खोल ओरखडे आहेत का पाहा. फीलर गेजने चारही बाजूंची फट मोजा. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर बेअरिंग गेलं आहे असं समजा. इंजिन बंद ठेवून, चावी काढून शाफ्ट हाताने फिरवा. खरखर लागली तर तेही बेअरिंगच.

यानंतर शाफ्ट बोटीत शिरतो तिथला सील पाहा. तिथून गळणारं पाणी सावकाश तळात साचतं, आणि बॅटरी उतरली की पाणी उपसणारा पंपही बंद पडतो. धक्क्याला बांधलेली बोट बुडायला एवढं पुरतं. अॅल्युमिनियमचं पंपघर आणि स्टीलचा इंपेलर खाऱ्या पाण्यात शेजारी शेजारी असले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून जस्ताचा अॅनोड लावलेला असतो. तो झिजून संपला असेल तर मागच्या मालकाची निगा कशी होती ते कळतं. पेट्रोलच्या नळ्याही नीट पाहा. आता पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि टाकीत दमट हवा शिरली की ते पाणी शोषून घेतं.

शेवटी बोट पाण्यात चालवून बघा. जमिनीवर इंजिन सुरू झालं म्हणजे बोट चांगली, हा समज सर्वात महागात पडतो. भार घेऊन, पूर्ण थ्रॉटलवर ती चटकन पाण्यावर उचलली जाते का, हीच खरी परीक्षा.

रायगडचं पाणी

या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, तो यामुळेच. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोटच्या खाड्यांत चिखल, तर मुखाशी रेतीचे दांडे. जेट बोटीला फार कमी पाणी लागतं हे खरं, पण ते धावताना. उभी असताना किंवा सावकाश चालताना ती तळातली रेती उपसून पोटात घेते. तळाखाली किमान तीन फूट पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. किनाऱ्याला येताना पाणी त्याहून उथळ होण्याआधीच इंजिन बंद करावं आणि बोट हाताने ओढावी. नागावच्या वाळूवर थेट इंजिनाने चढवलेली बोट दिसायला झोकदार असते, पण प्रत्येक वेळी तिची रिंग झिजते.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरची जुनी रीत आजही उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तिनाच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी. नव्या मालकाने हे पाठ करावं आणि भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहावं.

दुसरा शत्रू म्हणजे जाळी. खाडीच्या मुखाशी डोल नावाची जाळी लावलेली असते, तिचे दोर आणि बोये पाण्यावर फार दिसत नाहीत. तुटक्या जाळ्याचा नायलॉन किंवा प्लास्टिकची पिशवी तोंडाशी अडकली की बोट जागेवरच दमते. अशा वेळी इंजिन बंद करा, चावी काढा आणि मगच हात घाला. डोलीच्या जागा कोळीबांधवांना विचारून घ्या. त्यांच्या जाळ्याचं नुकसान हे त्यांच्या त्या दिवसाच्या मिळकतीचं नुकसान असतं.

चालवणं

जेट बोट चालवताना सर्वात आधी शिकायची गोष्ट: थ्रॉटल सोडला की सुकाणूही गेलं. झोत नाही तर वळण नाही. समोर माणूस दिसल्यावर घाबरून थ्रॉटल सोडणारा चालक सरळ त्याच्यावरच जातो. वळताना थोडा जोर ठेवावाच लागतो. पंखा नसल्याने पोहणाऱ्याला पात्याची जखम होत नाही, पण धडक तेवढीच जीवघेणी असते. गर्दीच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांपासून दूर राहणं हाच नियम. किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेलीच हवी. चालक पाण्यात पडला तर बोट थांबते ती या दोरीमुळे. बंदिस्त इंजिनखोलीच्या पेट्रोल बोटीत सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर लावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळात साचते.

धुणं आणि पावसाळा

समुद्रातून परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिनाचे मार्ग धुवायचे. यात क्रम महत्त्वाचा. समुद्राच्याच पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात आधी इंजिन सुरू, मग नळ. शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन. उलट केलं तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरण्याचा धोका. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत काय सांगितलं आहे ते एकदा वाचून घ्या.

आपल्या किनाऱ्यावर यंत्रनौकांची मासेमारी 1 जूनपासून दोन महिने बंद असते. जेट बोटीलाही हा काळ किनाऱ्यावरच काढू द्या. टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, बॅटरी घरी न्या, पंप उतरवून बेअरिंग आणि सील बदला, ग्रीस भरा आणि ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवा. जुन्या बोटीचं आयुष्य या महिन्यांत ठरतं.

महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा यांत कुचराई नको. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवर बोट चालवण्याचं प्रशिक्षण मिळतं. पर्यटक बसवणार असाल तर ते घ्याच.

जुनी जेट बोट घेणं हा तोट्याचा सौदा अजिबात नाही. पंप साधा आहे, उघडून पाहता येतो, झिजलेले भाग बदलता येतात. फक्त दुरुस्तीचा पहिला रुपया रंगावर किंवा आवाजाच्या सिस्टिमवर न घालता इंपेलर, रिंग आणि सीलवर घाला. एवढं केलंत तर रायगडच्या पाण्यात ती अनेक हंगाम इमानाने चालेल.