गोळी कोळशात, खत कुंडीत

डोकं दुखलं, गोळी घेतली, बरं वाटलं. पण गोळी गेली कुठे? स्वित्झर्लंडच्या ‘एआवाग’ या जलसंशोधन संस्थेने दोनशेहून जास्त औषधांचा हिशेब मांडला, तेव्हा पोटात गेलेल्या औषधाचा सरासरी ६४ टक्के भाग लघवीवाटे बाहेर पडतो असं दिसलं.

घरच्या सांडपाण्यात लघवी एक टक्काही नसते, पण त्यातला सुमारे ८० टक्के नायट्रोजन आणि निम्मा फॉस्फरस तिचाच. म्हणजे खताचं दुकान आणि औषधाचं दुकान एकाच बाटलीत!

नुसती साठवली तर? युरियाचा अमोनिया होतो आणि त्या उग्रपणात जंतू मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतची साठवण सांगितली आहे. औषधं मात्र अशी वाट बघून जात नाहीत.

लघवीचं खत करायला एआवागने दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये ‘व्हुना’ प्रकल्प मांडला. त्यातून घडलेल्या पद्धतीत औषधांचाही बंदोबस्त होतो. पहिली पंगत जीवाणूंची. ते निम्म्या अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यामुळे वास जातो आणि नायट्रोजन हवेत उडत नाही. जाता जाता काही औषधंही फस्त होतात. डायक्लोफेनॅक मात्र त्यांना पुरून उरतं. हो, तेच. गुरांना टोचलेल्या याच औषधाने आपल्याकडची गिधाडं संपत आणली.

ते अडकतं पुढच्या टप्प्यात, सक्रिय कोळशात. विषबाधेच्या रुग्णाला पाजतात तो हाच आणि पाण्याच्या फिल्टरमधलाही हाच. नारळाच्या करवंट्यांपासूनही तो बनतो. मोठा निवडखोर गडी! औषधांचे रेणू अंगाला चिकटवून घेतो, नायट्रेट-फॉस्फेटला बहुतांशी सोडून देतो. जीवाणू आधी का, तर त्यांनी इतर सेंद्रिय घाण खाल्ली नाही तर कोळसा तिनेच भरून जाईल.

शेवटी ऊर्ध्वपातन: पाणी निघून जातं, उरलेसुरले जंतू मरतात आणि हाती येतं तपकिरी द्रवखत, ‘ऑरिन’. २०१८मध्ये स्वित्झर्लंडने ते खाण्याच्या पिकांनाही घालायला परवानगी दिली.

अमेरिकेत व्हरमाँटच्या रिच अर्थ इन्स्टिट्यूटने मिशिगन विद्यापीठाच्या साथीने लघवीचं खत घातलेली गाजरं आणि लेट्यूस तपासले. कॅफिन आणि पॅरासिटामॉल सापडलं ते अगदी नगण्य. तेव्हा गाजर खाऊन चहाची तलफ भागवायचा बेत असेल, तर आधण ठेवलेलं बरं.