रान साफ करण्याआधी रानाचा नकाशा करा
(घाणेरी, रानतुळस व रानमोडीची पाहणी – जंगलालगतच्या गावांसाठी)



शेतात हराळी माजली तर आपण लगेच मजूर लावत नाही. आधी शेतात चक्कर मारतो. हराळी बांधाच्या कडेलाच आहे की मध्यावर शिरली आहे, लव्हाळा पाणथळ भागात आहे की सगळीकडे, हे बघतो आणि मग कामाचा अंदाज बांधतो. गावच्या रानाबाबत मात्र आपण असं करत नाही. थोडा पैसा हाती आला की रस्त्याच्या कडेला जी घाणेरी डोळ्यांत भरते ती तोडायला लागतो. दोन पावसाळे गेले की झुडूप पुन्हा डोक्याएवढं होतं. मजुरी गेली आणि रान होतं तसंच राहिलं, असं म्हणायची पाळी येते.

म्हणून या पत्रकात रानाची पाहणी कशी करायची, नकाशा कसा रंगवायचा आणि त्यावरून काम कुठून सुरू करायचं, एवढंच सांगितलं आहे. यासाठी भारी यंत्र लागत नाही. दोरी, टेप, चौकटीचा कागद, रंगीत पेन्सिली आणि रान ओळखणारी चार माणसं पुरतात.

कोण हे पाहुणे?

घाणेरी, म्हणजेच टणटणी. विदर्भात काही भागांत हिला रायमुनिया म्हणतात. ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगलात तिने पाय रोवले आहेत. चौकोनी काटेरी खोड, खरबरीत पान, चुरगाळलं की उग्र वास आणि पिकल्यावर काळी पडणारी बारीक फळं, ही तिची खूण. बुलबुल, साळुंकी ही फळं खातात आणि झाडांखाली बी टाकतात.

रानतुळस वर्षायू आहे. पावसात उगवते, निळसर फुलं धरते, बी टाकते आणि उन्हाळ्यात वाळून उभी राहते. रानमोडीचा जोर कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात जास्त. तिचं बी म्हाताऱ्या उडाव्यात तसं वाऱ्यावर उडतं. गाजर गवत तर आपल्या ओळखीचंच. त्याची नोंद 1956 साली पुण्याहून प्रसिद्ध झाली. जंगलात ते वाटांच्या व गुरांच्या बसण्याच्या जागी आधी दिसतं.

यांनी आपलं काय बिघडतं? घाणेरीच्या जाळीखाली गवत येत नाही, म्हणजे चराई गेली. मोह, तेंदू, चारोळी यांची रोपं वर येत नाहीत, म्हणजे पुढच्या पिढीचं उत्पन्न गेलं. वाळलेली रानतुळस आणि रानमोडी वणव्याला सरपण पुरवतात. टंचाईत भुकेल्या जनावराने घाणेरीचा पाला खाल्ला तर त्याला कावीळ होते, उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जनावर दगावतं.

एक सावधगिरी ठेवा. प्रत्येक झुडूप शत्रू नव्हे. धायटी, मुरुडशेंग, कुडा, निर्गुडी ही आपल्याच रानाची आहेत. पाहणीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक परक्या वनस्पतीची एकेक फांदी आणून ती सगळ्यांना दाखवावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

पाहणीची तयारी

पाहणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत करावी. घाणेरी फुलावर असते, रानतुळस ओळखू येते आणि तिचं बी अजून पिकून गळालेलं नसतं.

ज्या गावांना 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेच्या समितीने हे काम हाती घ्यावं. इतर ठिकाणी वनरक्षकाला सोबत घ्यावं आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची संमती मिळाल्याशिवाय वनजमिनीवर कोयता चालवू नये. वनरक्षकाकडून कक्ष क्रमांक व हद्द समजून घ्यावी.

तुकडी चौघांची असावी. एकाने पावलं मोजावीत, एकाने दोरी धरावी, एकाने लिहावं आणि चौथं माणूस रान पायाखालचं असलेलं हवं. गुराखी किंवा मोह-तेंदू गोळा करणाऱ्या बाया यात फार उपयोगी पडतात. कुठली जाळी कधी आली हे त्यांना तोंडपाठ असतं. वाघ-अस्वलाच्या भागात एकटंदुकटं जाऊ नये. वनरक्षकाला सांगून उन्हं वर आल्यावर निघावं आणि दिवस मावळायच्या आत परतावं. पायात बूट व अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा.

चौकटी कशा पाडायच्या?

नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 100 मीटर, असं प्रमाण धरा. म्हणजे कागदावरची एक चौकट बरोबर 1 हेक्टरची झाली. चौकटींना ओळीने क्रमांक द्या. नाला, पायवाट, पाणवठा, टेकडी ह्या खुणा आधी काढून घ्या.

सपाट जागी टेपने 100 मीटर मोजून पावलं मोजणाऱ्याला तीनदा चालवा आणि सरासरी काढा. कोणाची 130 पावलं होतील, कोणाची 150. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चढावर पावलं आखूड पडतात, तेव्हा तिथे टेपने तपासत जा. मोबाइल फोन असेल तर प्रत्येक चौकटीच्या मध्यावर त्यातलं अक्षांश-रेखांश टिपून घ्या. आकाश मोकळं असेल तर नेटवर्क नसलं तरी हे दिसतं.

उपग्रहाचं चित्र असताना पायपीट कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर असं की झाडांच्या छत्रीखाली वाढलेली घाणेरी वरून नीट दिसत नाही आणि गुडघ्याएवढी रोपं तर मुळीच दिसत नाहीत. ती जमिनीवरच शोधावी लागतात.

नोंद कशी करायची?

40 मीटर दोरीला दर 10 मीटरवर गाठ मारा. चौघांनी चार गाठी धरल्या की 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन तयार होतो. हा चौकोन प्रत्येक चौकटीच्या मध्यावर टाकायचा आणि आतली किती जमीन परक्या झुडपाने झाकली आहे ते बघायचं.

टक्के काढायची सोपी युक्ती सांगतो. चौकोन 100 चौरस मीटरचा आहे आणि आपली बाज साधारण 2 चौरस मीटर जागा व्यापते. मग 5 बाजांएवढी जागा झाकली असेल तर 10 टक्के, आणि 25 बाजांएवढी असेल तर 50 टक्के. त्यावरून दर्जा द्या :

0 – अजिबात नाही
1 – तुरळक, 10 टक्क्यांपर्यंत
2 – मध्यम, 10 ते 50 टक्के
3 – दाट, 50 टक्क्यांच्या वर

प्रत्येक वनस्पतीचा दर्जा वेगळा लिहा. सोबत तारीख, फुलं-फळं आहेत का, नवी रोपं आहेत का, जवळ नाला-वाट-जळालेली जागा आहे का, आणि आपल्या झाडांची रोपं किती दिसतात, हेही टिपा.

इथे दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. पहिली, जिथे काही नाही तिथे 0 लिहाच. रकाना कोरा ठेवला तर तिथे कोणी गेलंच नव्हतं की जागा स्वच्छ होती, हे पुढे कळत नाही. दुसरी, दोरीच्या चौकोनात काही नाही, पण त्या चौकटीतून चालताना एखादं झुडूप दिसलं, तर 0 न लिहिता 1 लिहा. ते एकटं झुडूपच उद्याची जाळी असते.

एका तुकडीने दिवसाला 12 ते 15 चौकटी केल्या तर 60 हेक्टरचं रान 4-5 दिवसांत पाहून होतं. संध्याकाळी चावडीवर बसून त्याच दिवशी नकाशा रंगवा. 0 ला हिरवा, 1 ला पिवळा, 2 ला नारिंगी व 3 ला लाल रंग द्या.

नकाशा काय सांगतो?

रंगवलेला नकाशा समोर ठेवला की पहिल्यांदा लाल डागांकडे हात जातो. तिथेच थांबा आणि हिशेब करा.

समजा 60 चौकटींपैकी 26 हिरव्या, 18 पिवळ्या, 10 नारिंगी आणि 6 लाल निघाल्या. तुमच्याकडे यंदा 150 मजूरदिवस आहेत. लाल चौकट साफ करायला 40, नारिंगीला 15 आणि पिवळीला 3 मजूरदिवस लागतात असं धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या रानात प्रत्येक रंगाची एकेक चौकट करून बघा आणि आपले आकडे घाला.

लाल चौकटींपासून सुरुवात केली तर 150 मजूरदिवसांत 4 चौकटीसुद्धा पुऱ्या होत नाहीत. तेवढ्यात 18 पिवळ्या चौकटी नारिंगी व्हायला लागतात. उलट, आधी 18 पिवळ्या केल्या तर 54 दिवस गेले. उरलेल्या 96 दिवसांत 6 नारिंगी होतात, त्यांचे 90. म्हणजे 144 दिवसांत 24 चौकटी साफ झाल्या. आधीच्या 26 हिरव्या धरून 60 पैकी 50 चौकटी तुमच्या हातात राहिल्या. मजुरी तेवढीच, फरक फक्त सुरुवात कुठून केली याचा.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी हिरव्याला लागून असलेल्या पिवळ्या चौकटी, मग नाल्याच्या वरच्या अंगाच्या, पाणवठ्याच्या व चराईच्या जागच्या, आणि मग नारिंगी. लाल जाळीला शेवटी हात घालायचा, तोही कडेने आत सरकत. मात्र लाल चौकट गावच्या विहिरीच्या वाटेवर असेल तर ती आधी मोकळी करायला हरकत नाही. तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

काढायचं कसं?

घाणेरी वरून छाटली किंवा जाळली तर बुडातून पुन्हा फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात मूळ तोडण्याची पद्धत वापरून दाखवली. जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उचलायचं आणि उलटं करून ठेवायचं. मूळ वर, फांद्या खाली. म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. सगळी जमीन खणायची गरज पडत नाही. ओल असताना हे काम हलकं जातं. शक्यतो फळं पिकण्याआधी करा.

रानतुळस बी धरण्याआधी मुळासकट उपटा. काम संपलं की कपडे, बूट व अवजारं तिथेच झटका, नाहीतर बी आपणच हिरव्या चौकटीत नेऊन टाकू.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नका. मारवेल, पवन्या यांसारख्या आपल्या गवतांचं बी फेका आणि गवत धरेपर्यंत चराई बंद ठेवा.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच चौकट

जमिनीत बी शिल्लक असतं, म्हणून साफ केलेल्या चौकटीत निदान तीन वर्षं पावसाळ्यानंतर फेरी मारावी लागते. पक्षी बसतात त्या मोठ्या झाडांखाली आधी बघा, रोपं तिथेच सापडतात. पुढच्या वर्षीचं मजुरीचं गणित मांडताना या फेरीचे दिवस आधी बाजूला काढा आणि उरलेल्या दिवसांतच नवी चौकट धरा.

दरवर्षी नवा नकाशा रंगवा आणि जुन्याच्या शेजारी ग्रामसभेत टांगा. कोणती चौकट लालची पिवळी झाली आणि कोणती हिरवीची पिवळी झाली, हे सगळ्या गावाला दिसलं पाहिजे. पैसा योग्य जागी गेला की नाही याचा जबाब नकाशाच देतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. ऑक्टोबरअखेर पाहणी पूर्ण करा.
2. 1 हेक्टरची चौकट, 10 बाय 10 मीटरचा चौकोन, 0 ते 3 दर्जा.
3. 0 सुद्धा लिहा. एकटं झुडूप दिसलं तरी 1 लिहा.
4. आधी पिवळं, मग नारिंगी, शेवटी लाल.
5. मूळ तोडा, झुडूप उलटं ठेवा, जाळू नका.
6. तीन वर्षं फेरी चुकवू नका.